स्विच भाड्याचा, हिशेब घरचा

भारतातली एकही बँक आज ग्राहकांची सगळी देणीघेणी स्वतःच्या यंत्रांवर पार पाडत नाही, आणि ती पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळीही होत नाही. स्टेट बँकेचे बेलापूरला स्वतःचे मोठे आयटी केंद्र आहे. तरी तिची कोअर बँकिंग प्रणाली, म्हणजे खात्यांची मुख्य वही, टीसीएसच्या बॅन्क्स या सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि तिच्या ग्राहकांचे यूपीआय व्यवहार नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, मधल्या स्विचवरून, म्हणजे संदेशांची ने-आण करणाऱ्या यंत्रणेवरून, जातात. दुसऱ्या टोकाला एखाद्या तालुक्याच्या गावची पाच शाखांची नागरी सहकारी बँक असते. तिचा सर्व्हर, स्विच, मोबाइल ॲप सगळे व्हेंडरच्या डेटा सेंटरमध्ये असते. पण पैसे अडकले की ग्राहक व्हेंडरकडे जात नाही, बँकेच्या काउंटरवरच येतो, आणि रक्कमही बँकेच्याच वहीत नावे पडलेली असते.

म्हणून ‘घरी ठेवायचे की बाहेर द्यायचे’ हा वाद मुळातच चुकीच्या जागी घातला जातो. मिश्र व्यवस्था अटळ आहे. प्रश्न फक्त कात्री कुठे चालवायची एवढाच. संदेशांची ने-आण बाहेर देता येते आणि बहुतेक बँकांनी ती द्यावीच. मात्र खात्याला रक्कम नावे टाकण्याच्या अटी, गुप्त चाव्यांची मालकी आणि रोजची जुळणी या तीन गोष्टींवरचा ताबा सुटला, तर बँकेकडे परवाना आणि पाटी याखेरीज फारसे काही उरत नाही. या तिन्हींत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जुळणी.

एक व्यवहार जवळून पाहिला की या कात्रीचा अर्थ कळतो. कराडच्या मंडईत एक ग्राहक क्यूआर कोड स्कॅन करून १२० रुपये देतो. त्याच्या फोनवरचे ॲप एका कंपनीचे, त्या ॲपला यूपीआयशी जोडणारी बँक दुसरी, ग्राहकाचे खाते तिसऱ्या बँकेत आणि भाजीवाल्याचे चौथ्या. पिन फोनवरच एनपीसीआयच्या लायब्ररीत कूटबद्ध होतो. विनंती एनपीसीआयकडे जाते, तिथून ग्राहकाच्या बँकेच्या स्विचकडे. पिन पडताळण्यासाठी एचएसएम नावाची सीलबंद पेटी असते. चाव्या तिच्या आत राहतात, बाहेर दिसत नाहीत. पिन बरोबर निघाला की कोअर बँकिंग शिल्लक पाहते, १२० रुपये नावे टाकते आणि ‘मंजूर’ असे उत्तर धाडते. मग एनपीसीआय भाजीवाल्याच्या बँकेला रक्कम जमा करायला सांगते. हे सगळे काही सेकंदांत उरकते. पैसा मात्र अजून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गेलेलाच नसतो. दिवसातून ठरलेल्या फेऱ्यांना सर्व बँकांच्या देण्याघेण्याची वजावट होते आणि निव्वळ रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर इकडची तिकडे होते. लहान सहकारी बँकेचे असे खाते बहुधा नसते. ती एखाद्या मोठ्या बँकेची सब-मेंबर असते, आणि तिच्या वतीने ही स्पॉन्सर बँक पैसे चुकते करते.

या साखळीतला स्विच, एचएसएम आणि कोअर बँकिंग ही तीन यंत्रे एकाच छताखाली असतील, तीन वेगळ्या व्हेंडरांकडे असतील किंवा त्यांच्यामध्ये भाड्याची लाइन असेल. ग्राहकाला यातले काही दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही. फरक दिसतो तो एखादे उत्तर वाटेत हरवले की. नावे तर पडले, पण ‘मंजूर’ परत पोचले नाही, की तो टाइमआउट ठरतो आणि उलट नोंद करावी लागते. ती उलट नोंदही हरवली, तर १२० रुपये उचंत खात्यात जाऊन बसतात आणि कोणीतरी हुडकून काढेपर्यंत तिथेच राहतात.

बाहेर देण्यामागचे अर्थकारण सरळ आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. म्हणजे या व्यवहारांतून बँकेला थेट उत्पन्न जवळपास नाही. खर्च मात्र पुरेपूर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातले यूपीआय व्यवहार एका महिन्यात २,००० कोटींच्या पुढे गेले, आणि त्यातले बरेचसे चहा-भाजीचे, लहान रकमांचे. एनईएफटी डिसेंबर २०१९ मध्ये आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० मध्ये चोवीस तास सुरू झाले. रात्री शटर ओढून घरी जाण्याची बँकेची सोय तेव्हाच संपली. स्वतःचा स्विच ठेवायचा तर जोडीला एचएसएम हवे, दुसऱ्या शहरात आपत्कालीन केंद्र हवे, तिन्ही पाळ्यांत माणसे हवीत, दर काही महिन्यांनी एनपीसीआयकडून येणारे बदल वेळेत बसवणारी टीम हवी. दोनशे कोटींच्या ठेवी असलेल्या बँकेने हा पसारा मांडणे म्हणजे सभासदांच्या पैशावर हौस भागवणे होईल. हे काम जाणणारी माणसे पगार देऊन तालुक्याच्या गावी टिकवणे ही तर आणखी अवघड गोष्ट.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ रोजी काढलेल्या सायबर सुरक्षा चौकटीत हेच गणित वेगळ्या बाजूने मांडले आहे. तिथे बँकांचे चार स्तर केले आहेत आणि ते ठेवींच्या आकारावरून नव्हे, तर बँकेने किती यंत्रणा स्वतःकडे घेतली आहे त्यावरून ठरतात. स्वतःचा एटीएम स्विच असेल, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेशांच्या जाळ्याशी जोडणी असेल, किंवा बँक दुसऱ्या बँकांना डेटा सेंटर पुरवत असेल, तर अटी चढत जातात. जेवढे घरी ठेवाल तेवढी राखण वाढवावी लागेल, असा त्या चौकटीचा रोख आहे आणि तो रास्त आहे.

घरची यंत्रणा म्हणजे सुरक्षित यंत्रणा, हा समज मोठ्या बँकांनीच खोटा पाडला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरचा वीजपुरवठा खंडित झाला आणि सेवा कोलमडल्या. आधीच्या दोन वर्षांतही असे प्रकार झालेले होते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबरमध्ये नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवली. ती बंदी पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर तशीच कारवाई झाली. त्या आदेशात दाखवलेल्या उणिवांमध्ये पॅच आणि बदलांचे व्यवस्थापन, वापरकर्त्यांचे अधिकार या घरच्या बाबी होत्या आणि व्हेंडरपासूनच्या जोखमीचे व्यवस्थापनही होते. घरचे आणि बाहेरचे अशी दोन कपाटे तपासणाऱ्याने केली नव्हती. दोन्हीकडची शिस्त एकच असते, आणि ती ढिली पडली की दोन्हीकडे पडते.

सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली, देशातल्या मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या एटीएम स्विचच्या यंत्रणेत घुसलेल्यांनी एक तोतया स्विच उभा केला. बनावट कार्डांनी पैसे काढण्याच्या विनंत्या कोअर बँकिंगपर्यंत पोचण्याआधीच हा स्विच ‘मंजूर’ म्हणून परत पाठवत होता. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले आणि भारतात सुमारे अडीच कोटी. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, स्विफ्टचे संदेश पाठवून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला.

या प्रकरणात एक गोष्ट नजरेतून सुटते. ग्राहकांच्या खात्यांना हात लागला नाही आणि कोअर बँकिंगही शाबूत होते, असे बँकेने तेव्हा सांगितले, आणि ते खरे होते. विनंत्या तिथपर्यंत गेल्याच नव्हत्या. पैसे गेले ते बँकेचे स्वतःचे, सेटलमेंटमधून. म्हणजे एका वहीत कोट्यवधींची मंजुरी होती आणि दुसऱ्या वहीत त्यातल्या एकाही रकमेची नोंद नव्हती. या दोन वह्या तासातासाला समोरासमोर ठेवणारी, स्विचवर मुळीच विसंबून नसलेली एखादी साधी तपासणी चालू असती, तर पहिली चोरी कदाचित टळली नसती. पण ती ७८ कोटींपर्यंत जाणे अवघड झाले असते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत उघडकीला आलेला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा वरवर पाहता अगदी वेगळा. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्टवर हमीपत्रांचे संदेश जात होते आणि त्यांची नोंद कोअर बँकिंगमध्ये होत नव्हती. आकडा सुरुवातीला सुमारे ११,४०० कोटी सांगितला गेला. इथे बाहेरचा घुसखोर नव्हता आणि बोट दाखवायला व्हेंडरही नव्हता; संदेश पाठवणारी प्रणाली आणि हिशेबाची प्रणाली दोन्ही बँकेच्याच ताब्यात होत्या. पण त्या एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या, आणि दोन्हींची जुळणी कोणी करत नव्हते. रिझर्व्ह बँकेने पुढे सर्व बँकांना स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडण्याची मुदत घालून दिली. कॉसमॉसमध्ये संदेश मधेच अडवला गेला आणि इथे तो वहीला वळसा घालून गेला. भगदाड दोन्ही वेळा शिवणीवरच पडले.

व्हेंडरच्या बाजूचा धोका वेगळ्या जातीचा असतो. तो खोल असेलच असे नाही, पण रुंद असतो. २०१६ मध्ये हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत मालवेअर शिरले आणि वेगवेगळ्या बँकांची मिळून सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली. त्यातल्या अनेक बँकांचा त्या कंपनीशी करारही नव्हता. त्यांच्या ग्राहकांनी फक्त तिच्या स्विचवर चालणारे दुसऱ्या बँकेचे एटीएम वापरले होते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या स्टेट बँक आणि टीसीएस यांच्या संयुक्त कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. एनपीसीआयने खबरदारी म्हणून या कंपनीला किरकोळ पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरते तोडले. तेव्हाच्या बातम्यांनुसार सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. जोडणी १ ऑगस्टला पूर्ववत झाली. देशाच्या एकूण उलाढालीत या बँकांचा वाटा नगण्य असल्याने महानगरांत फारसा गवगवा झाला नाही. ज्या गावात ती एकच बँक होती तिथला अनुभव अर्थातच निराळा असणार.

एनपीसीआयने तोडली ती एक कंपनी. परवाने तीनशे, संचालक मंडळे तीनशे, लेखापरीक्षकही तितकेच, आणि प्लग एक. त्या दिवशी कोणत्याही बँकेच्या अधिकाऱ्याच्या हाती करण्यासारखे काही नव्हते. यावरून सामायिक व्यवस्थाच मोडीत काढावी असा निष्कर्ष निघत नाही. तीनशे बँकांनी तीनशे स्विच मांडले असते, तर त्यातले बहुतेक कॉसमॉसहूनही कच्चे निघाले असते. पण सामायिक व्यवस्थेत शिरताना बँक आपले नशीब अनोळखी दोनशे नव्याण्णव बँकांशी बांधून घेते, हे संचालक मंडळाच्या ठरावात क्वचितच लिहिलेले असते.

पर्यायी वाट नसण्याची किंमत उलट्या दिशेनेही मोजावी लागते. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले आणि फोनपे या पेमेंट कंपनीचे यूपीआय बंद पडले, कारण तिला यूपीआयशी जोडणारी बँक ती एकच होती. कंपनीने धावपळ करून साधारण एका दिवसात दुसऱ्या बँकेशी जोडणी केली. इथे कोसळला तो व्हेंडर नव्हता, बँक होती. पुढे मोठ्या ॲपांनी एकाहून अधिक बँका जोडून घेतल्या. दोन वाटा ठेवणे हा मिश्र व्यवस्थेच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे, पण त्यातही एक फसगत असते. एका बँकेचा कार्डांचा स्विच एका व्हेंडरकडे आणि यूपीआयचा दुसऱ्याकडे असतो. कागदावर दोन वाटा दिसतात. प्रत्यक्षात दोघांची यंत्रे एकाच डेटा सेंटरच्या दोन मजल्यांवर असू शकतात, किंवा दोघांनी एकाच उपकंत्राटदाराचे सॉफ्टवेअर घेतलेले असते.

आता जुळणी. बँकेत हिला ‘रिकॉन’ म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी ती नव्याने लागलेल्या कारकुनाच्या गळ्यात असते. सकाळी त्याच्यासमोर तीन याद्या येतात: कोअर बँकिंगमधल्या कालच्या नोंदी, स्विचचा लॉग आणि एनपीसीआयची सेटलमेंटची फाइल. प्रत्येक व्यवहाराला आरआरएन नावाचा बारा अंकी क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावर तिन्ही याद्या टॅली व्हायला हव्यात. तिन्हींत सापडला तर प्रश्न मिटला. फाइलमध्ये यशस्वी आणि कोअर बँकिंगमध्ये बेपत्ता असेल, तर बँकेने पैसे दिले पण कोणाच्याही नावे टाकले नाहीत. कोअर बँकिंगमध्ये नावे पण फाइलमध्ये अयशस्वी, तर ग्राहकाचे पैसे अडकले. एटीएमच्या बाबतीत यात मशीनचा लॉग आणि रोकड भरणाऱ्या एजन्सीचा आकडा अशा आणखी दोन याद्या येतात, आणि शंभरच्या दोन नोटा कमी निघाल्या की फोनाफोनी सुरू होते.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाने या कामाला घड्याळ लावले. एटीएममधून रोकड न येता रक्कम नावे पडली, तर पाच दिवसांत ती परत जमा व्हावी. यूपीआयने पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. चूक व्हेंडरच्या लाइनची असो की भलत्याच बँकेच्या स्विचची, ग्राहकाला उत्तर द्यायचे ते बँकेने. २०१७ च्या नियमांनुसार तर दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, मधल्याच कोणाचा आहे, अशा फसव्या व्यवहाराची खबर ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर त्याची जबाबदारी शून्य ठरते. जबाबदारी ज्या टोकाला साचते त्या टोकाला माहितीही असायला हवी. पण अनेकदा स्विच ज्या व्हेंडरचा, रिकॉनचे सॉफ्टवेअरही त्याचेच असते, कारण दोन्ही एकत्र घेतले की स्वस्त पडते. स्विचच खोटे बोलत असेल, तर त्याच्याच लॉगवर बसवलेली जुळणी ते खोटे नीटनेटके छापून देते. नोंद करणारा आणि तपासणारा एकच नसावा, हा मेकर-चेकरचा नियम बँका आपल्या कारकुनांना रोज लावतात. तो व्हेंडरना लावायला त्या कचरतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. लहान बँकेचे कोअर बँकिंगच व्हेंडरकडे असते, तेव्हा ‘नावे टाकण्याचा निर्णय घरी ठेवा’ या सल्ल्याला अर्थ काय? यंत्र कुठे ठेवले आहे हा मुद्दाच नव्हे, हे त्याचे उत्तर. एका कार्डावर दिवसाला किती काढता येईल, परदेशी व्यवहार मुळातून चालू असावेत की बंद, तासाभरात एकूण मंजुरीचा आकडा किती झाला की दार आपोआप लागावे, या अटी बँकेने ठरवाव्यात, लेखी द्याव्यात आणि बँकेच्या मंजुरीशिवाय त्या बदलता येऊ नयेत. एनपीसीआयची सेटलमेंटची फाइल किंवा स्पॉन्सर बँकेचा उतारा व्हेंडरला वळसा घालून थेट बँकेकडे यावा. दोन माणसे आणि एक वेगळा संगणक एवढ्यात दोनशे कोटींच्या बँकेचे हे काम भागते. संपूर्ण स्विच घरी आणण्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि स्विच घरी असला तरी हा खर्च टळत नाहीच.

मध्यम बँकांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण त्यांना निवड आहे. पन्नास-शंभर शाखांच्या बँकेला कोअर बँकिंग स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये ठेवणे परवडते आणि ते योग्यही असते. कार्डे छापणे, चेकच्या प्रतिमा काढणे, एटीएममध्ये रोकड भरणे ही कामे बाहेर द्यायला फार विचार लागत नाही. घोळ होतो यूपीआयच्या स्विचपाशी. इथे बदल इतक्या झपाट्याने येतात की घरची टीम कायम धापा टाकत असते. प्रतिष्ठेपायी तो घरी ठेवणाऱ्या बँकांपेक्षा तो भाड्याने घेऊन आपली दोन चांगली माणसे जुळणी आणि फसवणुकीच्या देखरेखीवर बसवणारी बँक शहाणी म्हणावी लागेल.

करारांची बाजू रिझर्व्ह बँकेच्या १० एप्रिल २०२३ च्या निर्देशांनी बरीच घट्ट केली. ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. काम बाहेर दिले तरी अंतिम जबाबदारी संचालक मंडळाची. उपकंत्राटदारांवरही नजर हवी. व्हेंडरकडे सायबर घटना लक्षात आली की सहा तासांत रिझर्व्ह बँकेला कळवता यावे इतक्या वेगाने त्याने बँकेला सांगितले पाहिजे. बाहेर पडण्याची योजना आधीच तयार हवी. पण लहान बँकेच्या वाटाघाटीच्या ताकदीचा प्रश्न निर्देशाने सुटत नाही. तीनशे ग्राहक असलेल्या व्हेंडरसमोर एकटी बँक कलम बदलून मागू शकत नाही. छापील करार येतो आणि त्यावर सही होते.

मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था म्हणून एनयूसीएफडीसी सुरू झाली, आणि सदस्य बँकांना सामायिक तंत्रज्ञान पुरवणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. महाराष्ट्रात अशा बँका देशात सर्वाधिक असल्याने इथल्या खातेदारांशी याचा थेट संबंध आहे. तिने आणखी एक मोठा सामायिक स्विच उभा केला, तर प्लगची मालकी बदलेल, प्लग एकच राहील. त्याऐवजी तिने बँकांच्या वतीने करारांची कलमे घासाघीस करून घेतली आणि स्विचपासून अलग अशी सामायिक जुळणी चालवली, तर आज कोणीच करत नसलेले काम होईल.

त्या कलमांत सर्वांत आधी पाहावे लागेल ते चाव्यांचे. व्हेंडर बदलायचे ठरले की नव्या जोडणीसाठी एनपीसीआयचे प्रमाणन पुन्हा घ्यावे लागते आणि त्याला महिने लागतात. तरी ते होते. पण पिन पडताळणीच्या चाव्या व्हेंडरच्या एचएसएममध्ये, व्हेंडरच्या नावाने तयार झालेल्या असतील आणि त्या दुसऱ्या पेटीत हलवून देण्याचे बंधन करारात नसेल, तर बँकेला प्रत्येक कार्डधारकाला नवा पिन, आणि बऱ्याचदा नवे कार्डच, द्यावे लागते. चाव्या बँकेच्या नावाने, बँकेच्या दोन-तीन अधिकाऱ्यांत भाग वाटून तयार केलेल्या असल्या, तर तेच स्थलांतर ग्राहकाला न कळता एखाद्या रविवारच्या पहाटे उरकता येते.